लहान ट्रॅक्टरचा जीर्णोद्धार व लोहाराची विद्या

जुनी वस्तु टाकून देणें सोपें असतें. ती पुन्हां कामास लावणें कठीण असतें. पलूस तालुक्यांतील कोणत्याहि गांवीं फिरावयास गेलें असतां गोठ्याच्या भिंतीशीं, विहिरीच्या कडेस अगर द्राक्षबागेच्या बांधावर एखादें यंत्र गंजत पडलेलें दिसतें. कोठें लोखंडी नांगर असतो, कोठें उसाचा चरक, कोठें मुठी धरून मागून चालत हांकावयाचा पॉवर टिलर, तर कोठें वेलींच्या दोन ओळींमधून जाईल असा बुटका व अरुंद ट्रॅक्टर. एके दिवशीं भंगारवाला येतो, कांटा लावतो, वजनावर पैसे मोजतो आणि यंत्र घेऊन जातो. जागा मोकळी झाली म्हणून घरच्या माणसांस समाधान वाटतें. पण त्या यंत्राचा किती भाग खरोखर निकामी झाला होता, आणि किती भाग एक आंच व चार घाव मिळाले असते तर पुन्हां उभा राहिला असता, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. तो विचार करण्यास जी विद्या लागते ती गांवांतून नाहींशी होत चालली आहे. ती लोहाराची विद्या होय. तिचा थोडासा परिचय विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस करून द्यावा, आणि ती कोठें उपयोगी पडते व कोठें तिनें हात आंखडता घ्यावा हें सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

लहान ट्रॅक्टरची कुळकथा

द्राक्षबागेंत वेलींच्या दोन ओळींत साधारणपणें आठ ते दहा फूट अंतर असतें, आणि वर तारांवर वेलींचा मांडव पसरलेला असतो. तेथें मोठा ट्रॅक्टर शिरूं शकत नाहीं; शिरलाच तर खोडांस घासतो. म्हणून बागाईतदारांनीं पॉवर टिलर व लहान ट्रॅक्टर जवळ केले. बंगळूरची व्ही. एस. टी. कंपनी १९६७ सालीं जपानच्या मित्सुबिशी कंपनीच्या सहकार्यानें उभी राहिली. केरळांतील सरकारी काम्को कंपनी १९७३ सालीं स्थापन झाली. अशा कारखान्यांचीं यंत्रें दक्षिणेंतील व महाराष्ट्रांतील शेतांवर पसरलीं, आणि त्यांतलीं पुष्कळ आतां म्हातारीं झालीं आहेत.

परदेशांत हा वंश याहून जुना आहे. अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया प्रांतांत बेंजामिन ग्रेव्हली नांवाचा एक छायाचित्रकार होता. बागेंतील कष्ट हलके व्हावे म्हणून त्यानें एक लहानसा यांत्रिक नांगर तयार केला व १९१६ सालीं त्याचें पेटंट मिळविलें. ऑस्ट्रेलियांत आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यानें १९१२ सालीं वडिलांच्या शेतावर फिरत्या पात्यांनीं जमीन भुसभुशीत करण्याचे प्रयोग केले. आज आपण ज्यास रोटाव्हेटर म्हणतों त्याचें मूळ तेथें आहे. आणि ज्या जॉन डियरच्या नांवाचे हिरवे ट्रॅक्टर आपल्या रस्त्यांवरून धांवतात तो स्वतः लोहार होता. इलिनॉय प्रांतांतील चिकट माती बिडाच्या नांगरास चिकटून बसे व शेतकऱ्यास दर थोड्या अंतरावर थांबून ती खरडावी लागे. १८३७ सालीं डियरनें करवतीच्या मोडक्या पात्यापासून गुळगुळीत पोलादी नांगर घडविला, आणि माती आपोआप सुटून पडूं लागली. त्याच्या नांवाच्या कंपनीनें १९६३ सालीं आपला पहिला बागट्रॅक्टर विकावयास काढला. तिकडे असे जुने बागट्रॅक्टर घरच्या घरीं दुरुस्त करून प्रदर्शनांत मांडण्याचा अनेक कुटुंबांस छंद आहे. बाप, लेक व नातवंडें मिळून हें काम करितात. आपल्याकडे तो छंद नसून गरज आहे, एवढाच फरक.

या कथेचा आपल्या देशांतील एक मोठा अध्याय तर आपल्याच तालुक्यांत घडला. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं गुर्लहोसूर येथें झाला. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेंत त्यांनीं शिक्षकाचें काम केलें, व पुढें बेळगांवीं भावाबरोबर सायकलींचें दुकान चालविलें. कडबा कापण्याचीं यंत्रें करतां करतां १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळें पहिले नांगर खपण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळील निवडुंगानें भरलेला माळ त्यांस दिला. त्या माळावर जी वसाहत उभी राहिली तीच आजची किर्लोस्करवाडी. पहिल्या महायुद्धांत परदेशांतून येणारें कच्चें लोखंड मिळेनासें झालें. तेव्हां कोल्हापूरचे शाहू छत्रपति यांनीं किल्ल्यावरील जुन्या निकामी तोफा ओतकामासाठीं दिल्या, आणि त्यांचे नांगर झाले. आमच्या विषयाचें सारें सार या एका गोष्टींत आहे. लोखंड मरत नाहीं, त्याचें रूप बदलतें. मात्र तें रूप बदलणारा हात जिवंत असावा लागतो.

लोखंडाची ओळख

येथें एक शंका येईल. तोफ वितळवून नांगर करतां येतो, तर गांवच्या लोहारास मोडका नांगर ठोकून नीट कां करतां येऊं नये? उत्तर असें कीं, लोखंड म्हणून आपण ज्यास एकाच नांवानें हांक मारतों त्याचे व्यवहारांत तीन मुख्य प्रकार आहेत, व त्यांतील भेद कर्बाच्या म्हणजे कोळशाच्या मूलद्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असतो.

पहिला प्रकार नरम पोलादाचा. यांत कर्ब शेंकडा ०.२५ च्या आंतबाहेर असतो. तें तापविलें कीं मेणासारखें वळतें, लांबतें, चपटें होतें. परंतु त्यास पाणी देऊन कठीण करतां येत नाहीं. खुर्चीचे आधार, पट्ट्या, कड्या, कांबी या प्रकारच्या असतात. दुसरा प्रकार कठीण पोलादाचा. यांत कर्ब शेंकडा ०.५ ते १ पर्यंत असतो. मोटारीच्या स्प्रिंगेचे पाटे, छिन्नी, कानस, कुऱ्हाडीची धार हीं याचीं उदाहरणें होत. तें घडवितांहि येतें व पाणी देऊन कठीणहि करतां येतें. तिसरा प्रकार बिडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा. यांत कर्ब शेंकडा २ ते ४ असतो. तें वितळवून सांच्यांत ओतावें लागतें. ऐरणीवर ठेवून घाव घातला तर त्याचे तुकडे होतात. यंत्राचें धूड, दांतेचक्रांची पेटी, चरकाच्या लाटा असे भाग बिडाचे असतात. ओतीव फाळ झिजल्यावर लोहारानें तो घेऊन करावयाचें काय, हा प्रश्न लोखंडी नांगरांबरोबरच आला. लाकडी नांगराचा फाळ लोहार दरवर्षीं शेवटून देत असे व सुगीला आपलें बलुतें घेऊन जात असे; ओतीव फाळ मात्र बदलूनच घ्यावा लागे.

मग हे तीन प्रकार ओळखावे कसे? सहाणेच्या फिरत्या चाकावर तुकडा क्षणभर टेंकविला असतां ठिणग्या उडतात, त्या पाहाव्या. नरम पोलादाच्या ठिणग्या लांब, फिकट पिवळ्या व सरळ रेषेंत जातात. कठीण पोलादाच्या ठिणग्यांस वाटेंतच फांटे फुटून चांदण्यांसारखे झुपके होतात. बिडाच्या ठिणग्या आंखूड व मंद तांबड्या असतात. ही परीक्षा करितांना डोळ्यांवर चष्मा असलाच पाहिजे. दुसरी परीक्षा कानाची. कुंभाराकडून मडकें घेतांना आपली आजी तें बोटानें वाजवून पाहते. अखंड मडकें खणखणतें, तडकलेलें बद्द बोलतें. टांगून धरलेला लोखंडी भाग हलक्या हातोडीनें वाजविला असतां तोहि आपली तडक अशीच सांगतो.

आंच आणि पाणी

लोहाराचें पुस्तक म्हणजे त्याची भट्टी, आणि त्या पुस्तकाचीं अक्षरें म्हणजे रंग. तापत जाणारें पोलाद प्रथम काळसर तांबडें दिसतें, तेव्हां त्याची उष्णता सुमारें ६०० अंश सेल्सिअस असते. पिकल्या चेरीसारखें लाल झालें म्हणजे ७५० ते ८०० अंश, नारिंगी झालें म्हणजे सुमारें ९५० अंश, आणि पिवळें झालें म्हणजे ११०० च्या वर. घडाईचें काम नारिंगी व पिवळ्या रंगांत करावें. तांबडा रंग काळवंडूं लागला कीं हात थांबवून तुकडा पुन्हां भट्टींत घालावा. थंड होत चाललेल्या पोलादावर हट्टानें घाव घालणें म्हणजे त्यांत तडक पेरणें होय. लोहार भट्टी सावलींत किंवा अंधारांत कां मांडतो, हें आतां ध्यानांत येईल. उन्हांत रंग नीट दिसत नाहींत.

कठीण पोलाद चेरीलाल करून एकदम निवविलें असतां तें कांचेसारखें कठीण होतें, पण कांचेसारखें ठिसूळहि होतें. म्हणून पाणी दिल्यावर त्यास पुन्हां हलकी आंच देतात. घांसून उजळ केलेल्या पृष्ठभागावर तेव्हां रंग चढूं लागतात: २२५ अंशांच्या सुमारास गवती पिवळा, २५५ च्या सुमारास तपकिरी, २७५ ला जांभळा व ३०० च्या जवळ निळा. धारेच्या हत्यारास पिवळा रंग पुरे. ज्यास धक्के सोसावयाचे आहेत त्यास निळ्यापर्यंत न्यावें. कोणताहि तापमापक न वापरतां पिढ्यान्‌पिढ्या लोहार हें करीत आले.

जुन्या ट्रॅक्टरच्या जीर्णोद्धारांत मात्र पहिली अडचण घडविण्याची नसून सोडविण्याची असते. वर्षानुवर्षें पावसांत राहिलेले नट बोल्टाशीं गंजून एकजीव झालेले असतात. पाना लावून जोर केला तर बोल्ट तुटतो. येथें लोहार नट तेवढा तापवितो, बोल्ट नव्हे. पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें कीं नट तापल्यावर फुगेल व त्याचें भोंक लहान होईल. तसें होत नाहीं. कडें तापलें म्हणजे त्याचें भोंकहि मोठें होतें. बैलगाडीच्या चाकावर धाव कशी चढवितात तें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें पटेल. धाव म्हणजे चाकाभोंवतालची लोखंडी पट्टी. ती मुद्दाम चाकाहून किंचित् लहान करतात, गोवऱ्यांच्या जाळांत तापवितात, मग चाकावर बसवून वर पाणी ओततात. ती आकसून चाकाला आवळून धरते. पोलादाची लांबी दर अंशास दशलक्षांत सुमारें १२ भागांनीं वाढते. ४ मीटर परिघाची धाव ५०० अंशांनीं तापविली तर ती २४ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक इंच वाढते. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील प्रसरणाचा धडा आपल्या गांवच्या लोहारानें चाकावर लिहून ठेविला आहे.

एका घरांतील उद्योग

आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं गेल्या कांहीं महिन्यांत असा एक जीर्णोद्धार झाला. तो मीं अनेकदां जाऊन पाहिला, म्हणून त्याची हकीकत येथें देतों. द्राक्षबागेंतील त्यांचा लहान ट्रॅक्टर तीन पावसाळे बांधावर उभा होता. भंगारवाला दोनदां येऊन गेला होता. नवा घ्यावा तर कर्ज काढावें लागणार, आणि मागील कर्ज अजून फिटलेलें नव्हतें. मुलाचे आजोबा हयातभर लोहारकाम केलेले. त्यांचा भाता, ऐरण व सांडशा माळ्यावर पडून होत्या. त्यांचा हात आतां थरथरतो, नजर मात्र शाबूत आहे. घरच्यांनीं ठरविलें कीं विकण्यापूर्वीं एकदां पाहूं या.

प्रथम कोणी हातोडा उचलला नाहीं. मुलाच्या थोरल्या बहिणीनें प्रत्येक भाग सोडवितांना त्याचें चित्र काढलें, खडूनें अंक घातला व तोच अंक वहींत लिहिला. नट-बोल्ट डब्यांत घालून डब्यांवर चिठ्ठ्या लाविल्या. मला वाटतें, त्या सर्व कामांत सर्वांत मोलाचें साधन ती वही ठरली. जोडणीच्या वेळीं वडील स्मरणावर विसंबून एक भाग उलटा बसवीत होते, तेव्हां वहीनेंच त्यांस थांबविलें.

मग आजोबांनीं पडवींत बसून भागांच्या तीन राशी केल्या: घरीं घडवावयाचे, कारखान्यांतून दुरुस्त करून आणावयाचे, आणि नवेच घ्यावयाचे. क्लचच्या पेडलाचा वांकलेला दांडा, बसावयाच्या जागेचे आधार, चिखलपत्र्याच्या पट्ट्या, हत्यारपेटीच्या बिजागऱ्या आणि मागील कल्टिव्हेटरचे झिजलेले फण पहिल्या राशींत गेले. दांतेचक्रांच्या पेटीला गेलेली बारीक तडक बिडाची होती. ती जाणत्या वेल्डरकडे पाठविली. त्यानें पेटी आधीं तापवून, निकेलच्या कांडीनें सांधून, राखेंत हळूहळू निवूं दिली. बीड एकदम थंड झालें कीं सांध्याशेजारींच पुन्हां तडकतें.

घण कोणी घालावा हा प्रश्न निघाला, तेव्हां मुलाची आई पुढें आली. आपल्या भागांत गाड्या घेऊन फिरणारे घिसाडी लोक सर्वांनीं पाहिले आहेत. रस्त्याच्या कडेला पाल पडतें, पुरुष सांडशीनें तापलेला तुकडा धरतो आणि त्याची बायको घण घालते. तान्हें मूल शेजारीं झोळींत झोंपलेलें असतें. "त्या बायका घालतात तर मला कां जमूं नये?" असें म्हणून तिनें हलका घण उचलला. या कामांत बोलण्यास सवड नसते. लोहार लहान हातोडीनें ज्या जागीं टिचकी मारील त्याच जागीं घण पडावा, आणि हातोडी ऐरणीवर वाजली कीं घण थांबावा, अशी खूण आहे. दोन दिवसांत सासरे व सून एका तालावर काम करूं लागले. मुलगा भाता चालवी व रंग पाहून मोठ्यानें सांगे. आजोबा कधीं मान हलवीत, कधीं म्हणत, "अजून न्हाई, जरा दम धर."

फणांची टोंकें मालमोटारीच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचीं करावयाचीं ठरलीं. पहिलें टोंक मुलानें उत्साहानें पाण्याच्या बादलींत बुडविलें. टक् असा आवाज झाला आणि टोंकाला आरपार तडक गेली. आजोबा रागावले नाहींत. त्यांनीं तो तुकडा त्याच्या हातीं देऊन सांगितलें कीं, पाट्याच्या पोलादास पाण्याची घाई सोसत नाहीं, त्यास तेलांत निववावें लागतें. पुढचीं टोंकें झांकण असलेल्या लोखंडी डब्यांतील तेलांत, उघड्या अंगणांत निवविलीं व नंतर निळ्या रंगापर्यंत उतरविलीं. तीं आजवर टिकलीं आहेत. तडकलेला तुकडा त्या मुलानें वर्गांत आणून दाखविला, आणि त्या तासास मला फळ्यावर फार लिहावें लागलें नाहीं.

पण खरी परीक्षा पुढें आली. सुकाणूचा, म्हणजे चाकें वळविणारा, एक दांडा झिजून ढिला झाला होता. तोच दांडा नवा मिळण्यास तीन आठवडे लागतील असें दुकानदारानें कळविलें. बागेंत तण वाढलें होतें. भाड्यानें ट्रॅक्टर आणावा तर पैसा जाणार. मुलगा म्हणाला, "आबा, एवढं सगळं घडवलं, मग हा दांडा काय जड आहे?" वडिलांच्याहि मनांत तेंच होतें. आजोबांनीं दांडा हातांत घेऊन उलटासुलटा पाहिला आणि खालीं ठेवून दिला. "बाळा, मला घडवाय येतंय. पर आत काय ऱ्हायलंय त्ये मला दिसत न्हाई, आन् ह्याच्यावर मानसाचा जीव हाय. ह्यो इकत आनायचा." तीन आठवडे थांबावें लागलें, भाडेंहि भरावें लागलें. तथापि त्या घरांत त्यानंतर कोणी वाद घातला नाहीं.

इंजिन सुरू करण्याच्या दिवशीं पहिल्यांदा नुसता धूर निघाला. इंधनाच्या नळींत अडकलेली हवा काढल्यावर तें चालूं लागलें. आईनें ठेवलेल्या हिशेबाप्रमाणें भाडें धरून झालेला सारा खर्च नव्या ट्रॅक्टरच्या किंमतीचा लहानसा भाग भरला. आज तो ट्रॅक्टर बागेंत काम करीत आहे. दिसावयास तो नव्यासारखा नाहीं. एका पट्टीवर आईच्या घणाच्या खुणाहि दिसतात.

विद्येची मर्यादा

या हकीकतींतील सुकाणूच्या दांड्याची गोष्ट मीं मुद्दाम विस्तारानें सांगितली. एखादी गोष्ट करतां येणें ही विद्येची पहिली पायरी. ती कोठें करूं नये हें कळणें ही पुढची पायरी. घरच्या भट्टींत घडविलेल्या तुकड्याच्या पोटांतील तडक डोळ्यांस दिसत नाहीं. म्हणून सुकाणू, ब्रेक, चाकांचे बोल्ट, ट्रेलर जोडण्याची खीळ, जड वजन उचलण्याचे आंकडे, आणि इंजिनांतील वेगानें फिरणारे भाग घरीं कधींहि घडवूं नयेत. फिरत्या रोटाव्हेटरचीं पातींहि योग्य वजनाचीं व त्याच यंत्रासाठीं केलेलीं विकत घ्यावींत. पातें तुटून उडालें तर तें माणसाच्या अंगांत शिरतें.

आणखी चार गोष्टी पालकांनीं ध्यानांत ठेवाव्या. इंधनाची टांकी रिकामी दिसली तरी आंत वाफ असते; तिच्याजवळ आंच नेऊं नये. टायर हवा भरलेला असतांना चाकाचे नट तापवूं नयेत. टायर फुटून प्राणहानि होऊं शकते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वा पाईप भट्टींत घालूं नये. त्याचा पांढरा धूर विषारी असतो. आणि भट्टीपाशीं सुती कपडे, पायांत जाड जोडे व डोळ्यांवर चष्मा यांवांचून मुलांस उभें राहूं देऊं नये. थोरांच्या देखरेखीवांचून तर मुळींच नाहीं.

विद्यार्थ्यांनीं येत्या सुटींत एवढें करावें. आपल्या अगर शेजारच्या गांवांत ऐरण अजून कोठें वाजते याचा शोध घ्यावा. तेथें जाऊन, त्या लोहारबाबांची परवानगी घेऊन, एक फाळ अगर एक विळा शेवटला जातांना आरंभापासून शेवटपर्यंत पाहावा, आणि लोखंडाचे रंग, घावांची संख्या, पाणी केव्हां दिलें व कसें दिलें हें सारें वहींत टिपून ठेवावें. ज्यांच्या घरीं असे वृद्ध आहेत त्यांनीं तर या कामास उद्यांवर टाकूं नये. गंजलेला ट्रॅक्टर आणखी एखादा पावसाळा कसाबसा काढील. पण थरथरत्या हातांतील विद्या लिहून घेण्यास तेवढा अवधि मिळेलच असें नाहीं.